बुतिगेइदिस कधी मेला?

बुतिगेइदिस नावाचा एक राजा आमच्या लिथुआनियात होऊन गेला. त्याच्याबद्दल जगाला जेवढं माहीत आहे तेवढं मी चहा गाळता गाळता सांगू शकते. तेराव्या शतकाच्या शेवटी तो होता. त्याला बुतविदस नावाचा भाऊ होता. दोघांनी मिळून वोल्कोविस्क नावाचं एक गाव दक्षिणेकडच्या शेजारी राजाला देऊन टाकलं. का, तर त्याने शांत बसावं म्हणून. संपलं. हेसुद्धा आम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडे तेव्हा लिहायची रीत नव्हती. ज्यांना गाव मिळालं त्यांनी लिहून ठेवलं, आणि तेही जाता जाता. राजाचा चेहरा नाही, थडगं नाही, बायकोचं नाव नाही. नेमुनास नदीकाठचे किल्ले त्याने बांधायला घेतले असावेत, असं आम्ही अभ्यासक म्हणतो. हे 'असावेत' आमच्या धंद्यात स्वयंपाकातल्या मिठासारखं आहे, त्याच्याशिवाय एक पान उतरत नाही.

एवढ्यावर मी दोनशे पानांचं पुस्तक लिहिलं आहे. काझे मावशीने ते हातात घेऊन वजन केलं होतं आणि म्हणाली होती, "दोन ओळींची दोनशे पानं! एका कोबीतून अशी दोनशे पिंपं आंबट कोबी काढून दाखव, मग तुला हुशार म्हणेन."

आता माझा भाऊ विदास. तो नॉर्वेत मासे साफ करायच्या कारखान्यात कामाला गेला होता. आमच्या गावातली निम्मी पोरं अशीच कुठे ना कुठे गेलेली आहेत, त्यात नवल काही नाही. चार वर्षांपूर्वी, ईस्टरच्या जरा आधी, त्याने आईला फोन केला. आवाज नेहमीसारखा होता, पाठीमागे पाण्याचा आवाज येत होता, आणि शेवटी तो म्हणाला, "रविवारी करतो." रविवारी फोन आला नाही. कारखान्यातल्यांनी सांगितलं की तो पिशवी घेऊन गेला, कुठे ते बोलला नाही. मग वर्षभराने आमच्याच भागातल्या एका बाईने पोलंडमधल्या पेट्रोल पंपावर त्याच्यासारखा कुणीतरी पाहिला. पाठमोरा. पुरावा म्हणून पाठमोऱ्या माणसाची किंमत शून्य. पण आईने त्या बाईला घरी बोलावून दोन वेळा जेवू घातलं. तिथल्या पोलिसांनी शोधलं, इथल्यांनी शोधलं. सापडला नाही.

सापडला नाही म्हणजे मेला असं होत नाही, असं बाबा म्हणतात. जिवंत आहे असंही होत नाही, असं मावशी म्हणते. मी काही म्हणत नसे. मला काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं माझं चार वर्षं चाललं होतं. कामावर जात होते, शिकवत होते, लोक भावाबद्दल हळू आवाजात विचारायचे तेव्हा मान हलवत होते. एकदा एका विद्यार्थिनीने माझा हात हातात घेतला. मी तिला तिचा निबंध परत केला.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी व्हिल्नियसहून घरी पोचले. आमचं घर दुबीसा नदीच्या वरच्या अंगाला आहे. स्वयंपाकघरात आई खसखस वाटत होती आणि मावशी बीट सोलत होती, दोघींचे हात लाल आणि पांढरे. मी हेरिंग मासा आणला होता तो टेबलावर ठेवला.

"आली का पंडित," मावशी म्हणाली. "राजा काय म्हणतोय? तिसरी ओळ सापडली का?"

"नाही सापडली."

"शोध बाई शोध. नाहीतर त्या दोनच पुन्हा उलट्या लिही."

"काझे, गप बस जरा," आई म्हणाली. ती मला बसही म्हणाली नाही. तिने हात पुसले, कपाट उघडलं, आणि नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. मी उघडून पाहिलं. मेणबत्ती होती, चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली, बोटभर जाडीची.

मला लगेच कळलं. आमच्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, कुचोसच्या जेवणाला, घरातलं जे कुणी परगावी असेल त्याचंही ताट मांडतात आणि त्यावर चर्चमधून आणलेली पांढरी पापडी ठेवतात. तो जिथे असेल तिथे खातोय असं धरायचं. आणि घरातलं जे कुणी वारलं असेल त्याच्या ताटावर फरच्या झाडाची डहाळी आणि मेणबत्ती. त्या संध्याकाळी मेलेली माणसं जेवायला येतात, आणि त्यांना घर दिसावं म्हणून ती जळती ठेवायची. गेली तीन वर्षं विदासच्या ताटावर पापडी होती.

"लावायची का?" आईने विचारलं.

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? पाद्रीबाबांना विचारलं तर म्हणाले प्रार्थना करा. तुझ्या वडिलांना विचारलं तर ते गोठ्यात जाऊन बसतात. गोठ्यात गाय नाही आता, तरी जाऊन बसतात."

"काही दिवस थांबू या ना, आई."

"आज आहे कुचोस. काय थांबायचं?" ती खाली बसली. आई रागावली की तिचा आवाज खाली जातो, वर जात नाही. "हे बघ आउद्रे. तो जिवंत असेल आणि मी मेणबत्ती लावली, तर मी आई असून माझ्या पोराला घरच्या टेबलावर मारलं. पण तो गेला असेल, आणि मी लावली नाही, तर? तीन वर्षं तो दाराशी येऊन परत गेला असेल. त्याला भूक लागली असेल. घरात सगळे बसलेत, जेवतायत, आणि त्याच्या ताटावर परगावी गेलेल्याची पापडी. त्याला वाटेल, आईला माहीतच नाही."

मावशी बीट सोलायची थांबली होती. मी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ विरळ पडत होतं आणि आभाळ भरून आलेलं होतं.

"तुला ते जमतं," आई म्हणाली. "तू तेच करतेस. सांग मला, तुझा तो राजा कधी मेला?"

"सुमारे बाराशे नव्वद."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"लढाईत मेला?"

"ठाऊक नाही."

"आजारी होता?"

"आई, कुठेच काही लिहिलेलं नाही."

"मग मेला हे तुला कसं कळलं?"

मी खरं तेच सांगितलं. "त्यानंतर त्याचं नाव येत नाही. त्याच्या जागी भावाचं नाव येतं. म्हणून."

आई माझ्याकडे बघत राहिली. "एवढ्यावर मारलंस त्याला?"

"मी एकटीने नाही मारलं, सगळ्यांनीच मारलं," मी म्हणाले, आणि हे आपण चेष्टेत म्हणालो की काय असं मला वाटलं. मावशीला हसू आलं पण तिने ते गिळलं.

"सातशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाला तू एवढ्यावर मारतेस आणि कुणी तुला बोट लावत नाही," आई म्हणाली. "विदासबद्दल तर आपल्याकडे जास्त आहे. त्याचे बूट आहेत. त्याचा आवाज आहे माझ्या फोनवर. तू बघ, तुझ्या पद्धतीने बघ, आणि मला एक शब्द सांग. मी भांडणार नाही."

तेवढ्यात बाबा आले. दारात बूट आपटून त्यांनी बर्फ झटकलं, टेबलावरची मेणबत्ती पाहिली आणि टोपी न काढता तिथेच उभे राहिले.

"झालं का सुरू पुन्हा," ते म्हणाले.

"भावोजी, आत या आणि दार लावा, गरम हवा चाललीय बाहेर," मावशी म्हणाली.

"मी एवढंच सांगतो." बाबा दार न लावताच बोलले. "माझ्या काकाला रशियनांनी सायबेरियात नेलं होतं. सात वर्षं एक चिठ्ठी नाही. आजीने मेणबत्ती लावली. आठव्या वर्षी हा माणूस त्या फाटकातून आत आला आणि म्हणाला, बटाट्याचं काय आहे का खायला."

"आणि त्याच्यासोबत नेलेले बाकीचे?" मावशीने विचारलं.

बाबांनी दार लावलं. "त्यांचं मला माहीत नाही."

"तेच म्हणते मी. एक आला म्हणून त्याची गोष्ट राहिली. जे नाही आले त्यांची कोण सांगणार?"

मावशी शाळा सोडून बीटरूटच्या शेतात कामाला लागली तेव्हा तेरा वर्षांची होती. माझ्या विषयातली सगळ्यात मोठी अडचण तिने बीट सोलताना सांगून टाकली, आणि तिला त्याचं काही नव्हतं. तिने पुढचं बीट उचललं.

बाबा माझ्याकडे वळले. "तू लावणार नाहीस, आउद्रे. तू शिकलेली आहेस."

"म्हणूनच तिला विचारतेय ना मी, अहो," आई म्हणाली.

मग मी खरोखरच विचार केला, जसा कामाच्या टेबलाशी करते तसा. शेवटचा खात्रीचा पुरावा, फोन. प्रत्यक्ष ऐकणारी एक व्यक्ती, विश्वासार्ह, पण आई. नंतरची ती पंपावरची बाई, विश्वास ठेवण्याजोगी नाही. विदासचा स्वभाव: तो आईला फोन करतो म्हणाला की करायचा, एकदा ताप असताना केला होता, एकदा तुरुंगातून केला होता. चार वर्षं. असा माणूस जिवंत असता तर गप्प राहिला नसता. पुस्तकात मी एका वाक्यात लिहून मोकळी झाले असते: यानंतर त्याचा उल्लेख आढळत नाही, तो सुमारे या काळात मरण पावला असावा. वाचणारा पान उलटतो. पण पुस्तकात 'सुमारे' आणि 'असावा' चालतं, मेणबत्ती सुमारे लावता येत नाही. ती एक तर पेटलेली असते, नाही तर नसते.

आणि हा सगळा विचार करताना माझ्या आत काही हललं नाही. भाऊ माझा होता. लहानपणी नदीवर माझा बूट वाहून गेला तेव्हा स्वतःचा एक मला देऊन घरापर्यंत लंगडी घालत आलेला पोरगा तो. हे आठवलं आणि तेही दुसऱ्या कुणाचं वाचल्यासारखं आठवलं. मला स्वतःची जरा भीती वाटली, पण तीही फार नाही.

"लाव," मी म्हणाले.

आई हलली नाही. "तू लाव. माझ्याच्याने नाही होणार."

अंधार पडायला लागला होता. पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं असतं, पण त्या संध्याकाळी आभाळात काहीच दिसत नव्हतं, म्हणून मावशीने रस्त्यावरचा दिवा लागला तोच तारा धरला. आईने पांढरा टेबलक्लॉथ घातला. पदार्थ मांडले, बारा, मोजून, मटण नाही, दूध नाही: हेरिंग, बीट, सुक्या मशरूमचं सार, वाटाणे, उकडलेले बटाटे, क्रॅनबेरीचं दाट पेय, आणि खसखशीच्या दुधात टाकायचे ते छोटे कडक, भट्टीत भाजलेले गोळे, जे विदास सुकेच खिशात भरून न्यायचा. पाच ताटं. पाचव्यावर मी डहाळी ठेवली, मेणबत्ती उभी केली आणि काडी ओढली. एका काडीत पेटली. मी लावू शकले, कारण मला काही वाटत नव्हतं. आईला हे कळलं होतं की काय, म्हणून तिने मला निवडलं की काय, असं मला आता वाटतं.

आई ज्योतीकडे बघत म्हणाली, "ये रे बाळा. उशीर झाला आम्हाला." आणि मग ती रडली, चार वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, तोंडावर हात न घेता. मावशीने तिची पाठ चोळली. मी माझ्या ताटाकडे बघत बसले.

बाबांनी प्रार्थना म्हटली. ती नेहमीची होती. मेलेल्यांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या आईवडिलांची घेतली, आईच्या आईवडिलांची घेतली, मावशीच्या नवऱ्याचं घेतलं, आणि थांबले. आईने पुढचं नाव घेतलं. बाबांनी आमेन म्हटलं, पण त्या नावाला म्हटलं की सगळ्यांना, ते कळलं नाही. मग आम्ही एकमेकांच्या हातातली पापडी मोडून खाल्ली. पाचवी पापडी पाकिटातच राहिली.

जेवण झालं. आईने विदासच्या ताटात सगळ्यातलं थोडं थोडं वाढलं, हेरिंगचा शेपटीकडचा तुकडा त्याला आवडायचा तो वाढला. मावशीने बोलायचा प्रयत्न केला. मासा बरा आहे म्हणाली, शहरात महाग असेल म्हणाली. मी हो म्हणाले. बाबांनी सगळ्या पदार्थांतलं खाल्लं, कारण एकही पदार्थ चुकवला तर पुढचं वर्ष चुकतं, आणि बाबा नियम मोडणारे नाहीत.

मग मावशी म्हणाली, "चला, काड्या काढा. माझी लांब निघू दे म्हणजे तुम्हाला अजून दहा वर्षं छळते."

टेबलक्लॉथच्या खाली वाळलेलं गवत पसरलेलं असतं. जेवण झालं की प्रत्येकाने न बघता एक काडी ओढायची, जितकी लांब तितकं आयुष्य. मावशीची निघाली करंगळीएवढी. "बघा, तुमची सुटका," ती म्हणाली. आईची बरी निघाली. माझी मधेच मोडली, मावशी म्हणाली की मोडलेली धरत नाहीत, परत काढ. मी परत काढली.

बाबांनी आपली काढली, बघितली नाही, ताटाशेजारी ठेवली. मग त्यांचा हात सवयीने पुढे सरकला, पाचव्या ताटाच्या समोर, कापडाच्या काठाखाली. गेली तीन वर्षं ते विदासची काडी काढायचे. दर वर्षी लांब निघायची, मला शंका आहे की ते बोटांनी चाचपून निवडायचे. आता बोटं कापडाखाली गेली आणि तिथे थांबली. त्यांनी मेणबत्तीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आईकडे नाही, माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. सत्तर वर्षांचा माणूस मला विचारत होता की चालेल का.

मेलेल्याची काडी काढत नाहीत. त्यांना ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी काही बोलले नाही. त्यांनी हळूच हात मागे घेतला, रिकामा, आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्याचा हात असावा तसा.

तेव्हा गालातल्या त्या सुईचा अंमल उतरला. मला दुखलं. इतकं दुखलं की मी टेबलाची कड धरली. विदास कुठल्या तरी पाण्याच्या तळाशी आहे, नाहीतर कुठल्या तरी खोलीत बसून फोनकडे बघतोय आणि लाजेने नंबर फिरवत नाहीये, आणि दोन्हीपैकी काय ते मला माहीत नाही, आणि मी माझ्या बापाचा हात रिकामा परत पाठवला. मला रडू आलं, आणि ते आलं म्हणून अजून आलं.

मी हात घातला, त्याच्या ताटासमोर, आणि जी हाताला लागली ती काडी ओढली. बघितली नाही. मेणबत्तीशेजारी ताटात ठेवून दिली, डहाळीच्या बाजूला.

मावशी म्हणाली, "अगं, हे काय? असं नसतं करत."

"कुणाची ती?" आईने विचारलं.

"विदासची."

"मग तू मला मघाशी काय सांगितलंस?" तिचा आवाज खाली गेला होता. "तो आहे की नाही?"

"मला माहीत नाही, आई."

बाबा काडीकडे बघत होते. मला वाटलं आता आई मेणबत्ती विझवेल, नाहीतर काडी उचलून चुलीत टाकेल. तिने हात लांब केला आणि मेणबत्ती ताटाच्या दुसऱ्या कडेला सरकवली, काडी पेटू नये म्हणून.